चेहरा जुळत नाही : अंगणवाडीतल्या फोनबद्दल एक खुले पत्र

महिला व बालविकास खात्यात अंगणवाडीच्या ॲपबद्दल निर्णय घेणाऱ्या सर्व साहेबांना आणि मॅडमना,

स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात माझ्या अंगणवाडीच्या दारात एक सासूबाई मला म्हणाल्या, "ताई, द्यायचंच नसेल तर तसं सांगा. पोरीला उन्हात कशाला उभी करता?" पोरगी म्हणजे त्यांची सून. कडेवर सव्वा वर्षाचं बाळ. घरी न्यायच्या पोषण आहाराचं पाकीट घ्यायला आली होती. पाकीट देण्याआधी ॲपवर बाईचा चेहरा आधारच्या फोटोशी जुळावा लागतो, म्हणून मी फोन तिच्या तोंडासमोर धरला, तिने सांगितल्याप्रमाणे डोळ्यांची उघडझाप केली, फोन म्हणाला चेहरा जुळत नाही. उंबऱ्यात घेतला, उजेडात घेतला, पदर मागे सारून घेतला. आधार कार्डावरचा तिचा फोटो शाळेतला, दोन वेण्यांचा, गाल भरलेले. त्यानंतर तिची दोन बाळंतपणं झाली, ऊसतोडीचा एक हंगाम झाला. फोनला ती ओळखू येईना.

आता गंमत ऐका. ती याच गावची लेक आणि याच गावात दिलेली. ती तान्ही होती तेव्हा तिला झोळीच्या काट्याला लटकवून मी तिचं वजन केलंय. तिच्या हळदीला मी होते, तिच्या ओटीभरणाला मी होते. अंधारात नुसती खोकली तरी मी सांगेन कोण आहे ती. पण पाकीट द्यायच्या वेळी माझ्या ओळखीची किंमत शून्य.

त्या दिवशी पाकीट दिलं की नाही ते मी इथे लिहीत नाही. तुम्हीही विचारू नका.

मी १९९४ साली अंगणवाडीत लागले. तेव्हा तीस वर्षांची होते, आता एकसष्ट पूर्ण झाली. गावाचं नाव लिहीत नाही, कारण लिहिलं तर पहिली नोटीस आमच्या पर्यवेक्षिका मॅडमना जाईल आणि त्यांचा यात काही दोष नाही. डोंगराच्या कडेचं गाव, खाली वस्ती, वर तीन वाड्या, मध्ये ओढा. एवढं पुरे.

पत्र फोनच्या विरोधात आहे असं समजून बाजूला ठेवू नका. मी फोन वापरते. नातवाचा व्हिडिओ बघते, बहिणीला पैसे पाठवते. माझं म्हणणं वेगळं आहे. तुम्ही परिपत्रक काढता तेव्हा ते एकच असतं, तारीख एकच असते, पण आमच्या बीटमध्ये, म्हणजे एका पर्यवेक्षिकेच्या हाताखालच्या गटात, पंचवीस अंगणवाड्या आहेत आणि तिथे काम करणाऱ्या बायका काही एका साच्यातल्या नाहीत. कुणी माझ्यासारखी सून-नातवंडांची, कुणाचं स्वतःचंच पोर अंगावर पिणारं. कुणी सेविका, कुणी मदतनीस. कुणाच्या दारात टॉवर, तर कुणाला रेंजसाठी टेकडी चढावी लागते. एकच बदल यांच्यातल्या प्रत्येकीच्या घरात वेगळ्या दाराने शिरलाय, आणि तुमच्यापर्यंत येतो तो फक्त टक्का. अमुक टक्के ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, पूर्ण, तमुक टक्के चेहरे जुळले. उरलेल्या टक्क्यात कोण बसलंय ते कुणी विचारत नाही.

आधी माझ्या पिढीचं सांगते. आमच्या वेळी अकरा रजिस्टरं होती. माझं अक्षर चांगलं. मासिक सभेत मॅडम माझं रजिस्टर उघडून इतरांना दाखवायच्या, 'असं ठेवा' म्हणून. मग फोन आले. आधीचं कॅस नावाचं ॲप मराठीत होतं, त्यावर आमचा हात बसत आला होता. तोवर मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे आत्ताचं ॲप आलं, ते आलं तेव्हा मराठीत नव्हतं. दहावीपर्यंत शिकलेली, पन्नाशी उलटलेली बाई परक्या भाषेत गरोदर मातेची नोंद कशी करणार, हे कुणाच्या मनातही आलं नाही. फोन दोन जीबीचे, तापायचे, अडकायचे, दुरुस्तीचा खर्च आमच्या अंगावर. त्या ऑगस्टमध्ये राज्यभर हजारो ताईंनी फोन परत केले, त्यात मीही होते. पिशवीत घालून, चार्जरसकट. पुढे ॲप मराठीत आलं, फोनही बदलले. ते आमच्या भांडण्यामुळे झालं, आधी विचारून झालं असतं तर एक वर्ष वाचलं असतं.

पण भाषेचा प्रश्न सुटला तरी आमची लाज सुटली नाही. तीस वर्षं जिला गाव 'ताईंना विचार' म्हणत आलं, ती ताई आता सातवीतल्या नातवाला विचारते, "बाळा, हे लाल कशामुळे आलं?" तो म्हणतो, "आजी, किती वेळा सांगू." तो खोडकर नाही, कंटाळलेला असतो. रात्री दोनला जाग येते आणि पहिला विचार येतो, आजची माहिती चढली का? रक्तदाबाची गोळी मला २०२२ पासून आहे. ती ॲपमुळे लागली असं मी म्हणणार नाही, वय झालं, आईलाही होता. पण महिनाअखेरीला डोकं किती ठणकतं ते माझ्या सुनेला विचारा. ती म्हणते, सोडून द्या. सोडलं तर एकरकमी एक लाख मिळतील, पेन्शन नाही. मदतनीस मावशीला ७५ हजार. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ग्रॅच्युइटीचा कायदा आम्हालाही लागू आहे. डिसेंबर २०२३ मध्ये आम्ही संपावर बसलो ते पन्नास दिवसांहून जास्त, तेव्हाही ती मागणी होती. ते प्रकरण वेगळं आहे, इथे वाढवत नाही. एवढंच म्हणते की पैसे द्यायची वेळ आली की आम्ही 'मानसेवी' आणि आमचं ते 'मानधन'. अंगणवाडी किती वाजून किती मिनिटांनी उघडली हे फोनवर नोंदवायची वेळ आली की मात्र आम्ही पक्क्या नोकर.

तुम्हाला वाटेल, म्हाताऱ्यांना जड जातंय, तरुण मुली आल्या की सुटेल. आता भरतीला बारावीची अट आहे, मुली हुशार आहेत. मग आमच्या बीटमधल्या सगळ्यात धाकट्या ताईचं ऐका. वय सव्वीस, पदवी झालेली, फोनवर बोटं अशी चालतात की बघत राहावं. तिचं काय होतं? बीटमधल्या आम्ही सात-आठ जुन्या ताया तिच्याच जिवावर जगतो. ॲपची नवी आवृत्ती आली की रात्री अकरापर्यंत तिचा फोन वाजतो. "अगं, माझ्या तीन गरोदर माता दिसेनात." "पासवर्ड विसरले गं." मासिक सभेला ती डबा खात नाही, आमचे फोन हातात घेऊन बसते. याचा एक रुपया तिला मिळत नाही, कुठल्या कागदावर हे काम नाही. स्वतःचं पोर दोन वर्षांचं. ते आता फोन बघितला की तिच्या हातातून हिसकावतं आणि फेकतं.

तिची आणखी एक अडचण आहे, ती सभेत कुणी बोलत नाही म्हणून मी म्हातारी लिहिते. बाईचं आधार बहुतेक वेळा नवऱ्याच्या नंबराला जोडलेलं असतं. म्हणजे ई-केवायसीचा ओटीपी येतो नवऱ्याच्या फोनवर. नवरा कामावर, कारखान्यावर, ट्रकवर. त्याला फोन करून आकडे विचारायचे आणि ते मुदत संपायच्या आत विचारायचे. मी फोन केला तर तो म्हणतो, "हां मावशी, सांगतो." त्या सव्वीस वर्षांच्या मुलीने परक्या पुरुषांना दिवसातून दहा फोन केले की तिच्या घरात काय बोललं जातं? शिवाय त्यातला एखादा नंबर जपून ठेवतो आणि रात्री 'हाय' पाठवतो. तिने दोनदा सिम बदललं. ओटीपीची ही पद्धत आखताना तिथे एकही सून बसलेली नव्हती, असं मला वाटतं.

मदतनीस मावशीबद्दल तर तुमच्या परिपत्रकात ओळही नसते. ॲपमध्ये तिचं काम नाही, मग तिला कसला त्रास, असं वाटत असेल. आधी कामाची वाटणी अशी होती : मी गाणी, गोष्टी, अक्षरं, वजनं; ती मुलांना घरून आणणं, शिजवणं, भरवणं, झाडणं. आता मी सकाळी दहा ते बारा फोनमध्ये डोकं घालून असते. मुलांसमोर उभी कोण राहणार? मावशी. कुकर गॅसवर, एक डोळा कुकरवर आणि तोंडाने 'ये रे ये रे पावसा'. मग ज्या बायका पाकिटाला आल्या नाहीत त्यांना घरोघर जाऊन बोलावून आणायचं, तेही तीच. "चला, ताई चेहरा मागतायत." पूर्वी ती डब्यातून कुणाच्या घरी पाकीट नेऊन द्यायची, आता माणसालाच उचलून आणावं लागतं. ओली बाळंतीण, सव्वा महिना न झालेली, ती कशी येणार? मग मी आणि फोन तिच्या घरी, आणि अंगणवाडीत पुन्हा मावशी एकटी. २०२३ मध्ये वाढ झाली तेव्हा सेविकेला १० हजार ठरले, तिला साडेपाच. नंतर दोघींचे थोडे वाढले, पण अंतर राहिलंच. काम मात्र माझ्या बाजूचं तिच्या बाजूला सरकलं. ती एकदा मला म्हणाली, "ताई, तुम्हाला फोन दिला आन् मला तुमची पोरं दिली." तिच्या बोलण्यात राग नव्हता. मलाच रात्री झोप आली नाही.

वरच्या वाडीची ताई तिसरीच. चेहरा जुळवायला नेट लागतं आणि वाडीत रेंज नाही. वाडीच्या मागे एक कातळ आहे, त्याला आता सगळे 'टॉवरचा दगड' म्हणतात. त्यावर उभं राहिलं की दोन काड्या येतात. पाकीट वाटायच्या दिवशी ती बायकांची रांग त्या कातळावर नेते, पोटुशीसुद्धा. पावसाळ्यात कातळावर शेवाळ असतं. मागच्या श्रावणात एक जण घसरली, गुडघा फुटला, बाळाला काही झालं नाही एवढंच. संध्याकाळी राहिलेली माहिती चढवायला ताई एकटी जायला घाबरते, मग नवरा बरोबर येतो, म्हणजे त्याचाही दिवस आमच्या खात्यातच जमा.

पर्यवेक्षिका मॅडमवर मी पूर्वी चिडायचे, आता चिडत नाही. कुणाचं ॲपवरचं काम किती झालं याची त्यांना वरून रोज यादी येते. हिरव्या ताया, पिवळ्या ताया, लाल ताया. ती त्या ग्रुपवर टाकतात, टाकावीच लागते. शेवटच्या दहांची नावं सगळ्यांसमोर. वरच्या वाडीची ताई दर महिन्याला लाल असते, कारण वाडी लाल आहे. दोन वर्षांपूर्वी तिने ग्रुपवर उत्तर द्यायचं सोडलं. आता सभेत शेवटच्या रांगेत बसते. ही बाई पुराच्या वर्षी कमरेएवढ्या पाण्यातून लसीची पेटी पलीकडे न्यायला नर्सबाईंच्या बरोबर गेली होती. त्यासाठी ॲपमध्ये रकाना नाही.

आणि मध्येच दुसरी कामं येतात ती वेगळीच. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरले, अर्जामागे ५० रुपये ठरले होते. पुढे पडताळणी आली तेव्हा ज्या बायकांचे अर्ज आम्ही भरले त्यांच्याच दारात आम्ही चौकशीला. आपल्याच गल्लीत दोनदा तोंड दाखवायचं, एकदा लक्ष्मी घेऊन आणि एकदा झडती घ्यायला.

हेच मला मुख्य सांगायचंय. कारखान्यात यंत्र आलं तर कामगार संध्याकाळी घरी जातो, यंत्र तिथेच राहतं. आम्ही राहतो तिथेच काम करतो. फोन म्हणतो 'नाही', पण गावाला ते माझ्या तोंडून ऐकू येतं. नळावर, लग्नात, हळदीकुंकवाला त्या सासूबाई मला भेटणारच. १ जुलै २०२५ पासून चेहऱ्याची सक्ती झाली आणि तेव्हापासून तीन घरांनी माझ्याशी बोलणं टाकलंय. एकतीस वर्षांत माझी कमाई तीच होती हो. मानधनावर तर कुणीच जगत नव्हतं.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल ताई एकांगी आहेत. रजिस्टरसुद्धा खोटं बोलायचं. काटा मोडला की मागच्या महिन्याच्या वजनात शंभर-दोनशे ग्रॅम मिळवून आकडा लिहायचा, हे आम्ही सगळ्यांनी केलंय. गावात नसलेल्या मुलांच्या नावावर आहार निघायचा, हेही खरं. आलेखावर ठिपका द्यायला माझी चूक व्हायची. आता वजन-उंची घातली की कुठलं मूल घसरलंय ते लगेच दिसतं. मागच्या वर्षी एक मूल मला नुसतं 'बारीक' वाटत होतं, फोनने तीव्र कुपोषित दाखवलं. दंडाची पट्टी लावली तर साडेअकरा सेंटीमीटरच्या आत. त्याला वेळेत दवाखान्यात नेलं, ते श्रेय फोनचंच. ऊसतोडीला गेलेल्या घराची नोंद दुसऱ्या जिल्ह्यातल्या ताईला दिसू शकते, हे तर पूर्वी स्वप्नात नव्हतं. म्हणून म्हणते, वजन-उंचीचा फोन मला चालतो. त्या फोनने मला मूल नीट दाखवलं. चेहऱ्याचा फोन मला माझ्या शेजारणीवर पहारा द्यायला बसवतो. दोन्ही एकाच डबीत आहेत म्हणून एकच समजू नका.

तेव्हा मागणं एवढंच आहे. चेहरा जुळला नाही तर त्याच दिवशी, त्याच जागी, माझ्या आणि मावशीच्या सहीवर पाकीट मिळावं, आणि ती सही लाल रंगात मोजली जाऊ नये. सही खोटी निघाली तर मला घरी बसवा, मी तक्रार करणार नाही. बाई बाळंतपणाला माहेरी गेली, आई तोडीला गेली आणि पोर आजीजवळ राहिलं, ही काही आमच्याकडे आश्चर्याची गोष्ट नाही, दर वर्षी होते. तेव्हा पद्धत त्यांना धरून आखा. रेंज नसलेल्या वाडीत कागद चालेल असं लेखी द्या. तोंडी नको, तोंडी आदेश महिनाअखेरीला कुणाला आठवत नाहीत. ज्याची नोंद फोनवर होते ते रजिस्टर बंद करा. आम्ही अजून दोन्ही लिहितो, कारण फोन बंद पडला तर पाहुण्या साहेबांना दाखवायला वही लागते. धाकटी ताई बीटला शिकवते, तर तिला तसं पद द्या, पैसे द्या आणि रात्री आठनंतर फोन न घेण्याची मुभा द्या. मावशीला प्रशिक्षणाला बोलवा. मदतनिसाची सेविका व्हायची तर तिला हे सगळं यावं लागणार आणि तिच्या हातात फोन कुणी देतच नाही. नावांच्या रंगीत याद्या ग्रुपवरून काढा. आणि नवी आवृत्ती आणाल तेव्हा आधी महिनाभर वरच्या वाडीसारख्या जागी, माझ्या वयाच्या, चाळिशीचा चष्मा लावणाऱ्या एका बाईच्या हातात देऊन बघा. ती जिथे अडेल तिथे ॲप दुरुस्त करा, बाई नको.

एक गोष्ट लिहू की नको असं चाललं होतं, लिहिते. परवा दुपारी मुलं भातुकली खेळत होती. पूर्वी त्यांच्या खेळात एक जण ताई व्हायची, टाळ्या वाजवून गाणं म्हणायची, बाकीचे गोल बसायचे. परवा एक चार वर्षांची मुलगी ताई झाली. तिने पाटी उचलली, समोरच्या मुलाच्या तोंडापुढे धरली आणि म्हणाली, "डोळे मिटव. उघड. नाही जुळत, जा." तो मुलगा खरोखरच उठून दाराशी जाऊन उभा राहिला. मावशी हसली, मीही हसले, मग आम्ही दोघींनी त्याला हाक मारून आत घेतलं आणि खिचडी वाढली.

हे पत्र मी वहीत लिहिलं, धाकट्या ताईने टाइप केलं. तिला मी एवढ्यासाठी बाजारातून चिवडा आणून दिला आहे, म्हणजे या कामाचा मोबदला दिला गेला आहे याची नोंद घ्यावी.

उत्तर पाठवणार असाल तर कृपया पोस्टाने पाठवा. ग्रुपवर टाकलंत तर वरच्या वाडीच्या ताईला ते कातळावर चढल्याशिवाय वाचता येणार नाही, आणि सध्या तिथे पाऊस आहे.

आपली,
एक अंगणवाडी सेविका